पिंपातली बिअर घरी कशी नेतात?

मंडळी, या वीकांताचा विषय दारूचा आहे असं शीर्षकावरून वाटेल, पण तो दारूचा नाही. दारूवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा अनुभवी आहेत. मला लिहायचंय ते भांड्याबद्दल. दारू जिथे तयार होते किंवा जिथे ओतली जाते तिथून ती ज्यातून घरी जाते, ते भांडं. मडकं, बादली, रबरी ट्यूब, काचेचा जग, काय वाट्टेल ते.

प्रश्न साधा होता. वाईन शॉपमधून बाटलीबंद बिअर घरी आणता येते. मग पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत नळातून ग्लासात पडणारी ताजी बिअर, तीच बिअर, बाटलीत भरून घरी का नेता येत नव्हती? महाराष्ट्रात २०२० साल उजाडेपर्यंत याचं उत्तर "नियम नाही" एवढंच होतं. आता आम्ही संगणकवाले लोक. "नियम नाही" म्हटलं की नियम कुणी लिहिला, कधी लिहिला आणि लिहिताना त्याच्या डोक्यात काय होतं, हे खणायची खोड असते. खणत गेलो तर थेट अलिबागच्या माडाच्या झाडापर्यंत पोचलो. कसा, ते सांगतो.

पण आधी थोडं भौतिकशास्त्र. कंटाळा करू नका, बारावीतलंच आहे.

बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. सर्वसाधारण बिअरच्या एक लिटरमध्ये साधारण अडीच लिटर. एवढा वायू तिथे गुण्यागोविंदाने राहतो याची कारणं दोन: थंडी आणि दाब. हेन्रीचा नियम आठवतोय ना? द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात जास्त विरघळतो. आणि द्रव गार असेल तर आणखी जास्त. म्हणून केग, म्हणजे ते स्टीलचं पिंप, तीन-चार अंशांवर ठेवतात आणि त्यावर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण पाऊण ते एक वातावरण जास्त दाब ठेवतात. नळ उघडला की हाच दाब बिअरला पाइपातून वर ढकलतो.

आता तुम्ही घरून आणलेली बाटली नळाखाली धरलीत. बाटलीत असते साधी हवा, खोलीच्या तापमानाची. बिअर उंचावरून कोमट काचेवर आपटते, दाब एकदम उतरतो आणि वायू म्हणतो, चला सुटलो. अर्धी बाटली फेस. फेस खाली बसेपर्यंत थांबा, पुन्हा भरा, पुन्हा फेस. शिवाय या सगळ्या उसळीत हवेतला ऑक्सिजन बिअरमध्ये मिसळतो तो वेगळाच. ऑक्सिजन हा बिअरचा खरा शत्रू. दोन-तीन दिवसांत चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. आधी रिकाम्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हाकलून द्यायची. मग बाटलीतला दाब केगमधल्या दाबाइतका करायचा. दोन्हीकडे दाब सारखा झाला की बिअरला सांगायचं, आता हळूच ये. बाटलीच्या तळापर्यंत गेलेल्या नळीतून ती खालून वर चढते, आणि वरचा वायू एका बारीक झडपेतून किंचित किंचित सोडत राहायचं. फेस जवळपास नाहीच. तिला कळतच नाही की आपलं घर बदललं! आमच्या धंद्यात चालू सर्व्हर बंद न करता दुसऱ्या मशीनवर हलवतात, त्यातला आणि यातला विचार एकच. अशी भरलेली बाटली बंद आणि गार ठेवली तर काही आठवडेही टिकते. नुसती नळाखाली धरून भरलेली दोन-तीन दिवसांत संपवलेली बरी. आणि हो, बाटली काठोकाठ भरायची नाही. गाडीत गरम झाली तर आतला दाब वाढतो आणि काच ही काच असते.

हे सगळं वाचून झालं होतं, पण प्रयोग केल्याशिवाय आमचं समाधान कसलं. मागच्या हिवाळ्यात आम्ही हापिसातले पाच जण कोलाडला राफ्टिंगला गेलो. आदल्या संध्याकाळी एका मित्राने पुण्यातून एकेक लिटरचे दोन ग्राउलर भरून घेतले होते. एक दाब सारखा करणाऱ्या यंत्रावर, आणि एक मुद्दाम सांगून नुसता नळाखाली धरून. (भरणाऱ्या पोऱ्याने "सर, असं का?" असं तीनदा विचारलं म्हणे.) दोन्ही बर्फाच्या पेटीत. पहाटे निघालो, ताम्हिणी उतरलो, विळ्यावरून कोलाड. सकाळी नदी, संध्याकाळी पेटी. हा क्रम महत्त्वाचा आहे, उलटा करू नये. लाइफ जॅकेट घालून पिण्यासारखा मूर्खपणा नाही.

पहिल्या ग्राउलरचं झाकण फिरवलं तर "फिस्स" असा दमदार आवाज, ग्लासात दोन बोटं फेस, पुण्यात प्यायलो होतो तीच बिअर. दुसऱ्याचा आवाज म्हणजे कुणीतरी नाइलाजाने सोडलेला सुस्कारा. बिअर वाईट नव्हती, पण बसलेली होती. चोवीस तासांत एवढा फरक. पाचही जणांनी डोळे मिटून चव घेतली आणि पाचही जणांनी बरोबर ओळखलं. पाच म्हणजे काही फार मोठं सँपल नाही, पण चालवून घ्या.

कोलाडची गंमत अशी की तिथली नदीसुद्धा नळाचीच आहे. कुंडलिकेला पावसाळ्यानंतर राफ्टिंगपुरतं पाणी मुळात नसतंच. सह्याद्रीच्या वर, पुण्याच्या बाजूला, टाटांनी मुळशीचं धरण बांधलं. (त्याविरुद्ध सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो १९२१ ते १९२४ मधला.) ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. भिरा सुरू झालं १९२७ साली. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सुटतं, आणि सकाळी ते सुटलं की साज्याजवळून राफ्ट निघतात. वरच्या पिंपाचा नळ उघडला तरच खाली खेळ. राफ्टवाल्या पोरांचं घड्याळ भिऱ्याच्या घड्याळावर चालतं.

आता हेच पाणी कोलाडहून पुढे कुठे जातं? रोह्यावरून वाहत खाडी होतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. नदीच्या एका टोकाला घाट, दुसऱ्या टोकाला चौल-रेवदंड्याच्या माडांच्या वाड्या, आणि तिथून वर अलिबागपर्यंतचं अष्टागर. मुद्दा इथून सुरू होतो. कारण बिअरचा केग इकडे यायच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावर एक केग उभाच होता. साठ-सत्तर फूट उंच, वर झावळ्या.

माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून, ठोकून, टोकाला कापायची आणि खाली मडकं बांधायचं. थेंब थेंब गोड रस. त्यात साखर दहा टक्क्यांच्या वरच. हा रस ताजा असतो तेव्हा नीरा. पण हवेत, मडक्यात, झाडावर सगळीकडे जंगली यीस्ट असतंच. त्यामुळे रस मडक्यात पडायला लागल्यापासून आंबायला लागतो. सकाळी गोड, दुपारपर्यंत माडी, दुसऱ्या दिवशी आंबट, आणि पुढे सरळ व्हिनेगर. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी. हे काम पिढ्यान् पिढ्या भंडारी समाजाचं.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. बिअरमध्ये आंबवण्याचं काम कारखान्यात संपतं, मग ती पिंपात भरतात, आणि ती थांबते. गार ठेवली तर आठवडे थांबते. माडी थांबत नाही. तिला बुच लावून बंद केलं तर आतला वायू एकतर बुच उडवेल नाहीतर भांडं फोडेल. म्हणजे सीलबंद माडी ही चीज त्या काळी शक्यच नव्हती. भांडं उघडं, प्रवास छोटा आणि गिऱ्हाईक जवळचं. माडी घरी न्यायची तर त्याच दिवशी, तोंडावर पान किंवा फडकं बांधलेल्या मडक्यातून.

ज्याला कर वसूल करायचाय त्याच्यासाठी ही केवढी डोकेदुखी! पिंप मोजता येतं, सील करता येतं, गोदामात कुलूप लावून ठेवता येतं. हजारो वाड्यांतली, तासातासाला बदलणारी, उघड्या मडक्यातली माडी कशी मोजणार? सकाळी मोजली तर ती नीरा, दारूच नाही. संध्याकाळी मोजायला जावं तर पिऊन संपलेली.

इंग्रजांनी उत्तर काढलं ते हुशार होतं. मडकं मोजता येत नाही ना? मग झाड मोजा. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ सालचा. झाडाला छेद द्यायचा तर परवाना, आणि कर दर झाडामागे. परवान्याच्या झाडावर खूण आणि क्रमांक. विक्रीलाही परवाना, आणि त्यातला एक प्रकार तर मला फारच आवडला: झाडाच्या बुंध्याशीच विकण्याचा परवाना. जिथे रस काढला तिथेच, त्याच झाडाखाली विका. वाचल्यावर मी दोन मिनिटं हसत होतो. ही मायक्रोब्रुअरीच की हो! जागेवर बनवा, जागेवर विका.

पण हसण्यासारखं तेवढंच. मडक्याऐवजी झाडावर कर लावला की हिशेब सरकारला सोपा होतो आणि जोखीम सगळी माणसावर येते. रस कमी आला तरी कर तेवढाच. ऊन वाढलं, झाड रुसलं, माडी विकली जायच्या आधी आंबट झाली, तरी कर तेवढाच. पिंपावरच्या करात निदान पिंप भरलेलं तरी असतं. त्या वेळचे मुंबईचे अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड मोठे कर्तबगार गृहस्थ. त्यांच्या व्यवस्थेत झाडावरचा कर चढत गेला. भंडाऱ्यांनी अर्ज केले, विरोध केला, कित्येकांना पिढीजात धंदा सोडावा लागला. सरकारी धोरणाचं तोंडपाठ वाक्य होतं की कमीत कमी दारू प्यायली जावी आणि जास्तीत जास्त महसूल मिळावा. या दोन गोष्टी एका वाक्यात मावतात खऱ्या, पण त्यांतली दुसरीच नेमाने पाळली गेली असं माझं मत.

हे झालं खाडीच्या तोंडाचं. नदीच्या वरच्या अंगाला, कोलाड-रोह्याच्या डोंगरात माड नाहीत. तिथे मोह. उन्हाळ्याच्या तोंडावर रात्री फुलं गळतात, पहाटे बायका-पोरं वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेली फुलं कातकरी-ठाकरांच्या घरात खाण्यासाठीही असत, आणि अर्थात दारू गाळण्यासाठीही. गाळायला लागतं काय? एक मडकं, त्यावर दुसरं, एक नळी, चूल. हे सगळं प्रत्येक घरात.

सरकारने आधी गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या मध्यवर्ती भट्ट्या केल्या. उरणला मोहाच्या दारूचे कारखाने होते, तिथून मुंबईला आणि आसपास पहाऱ्यात माल जायचा. तिथे पिंप होतं, कुलूप होतं, शिपाई होता, हिशेब जुळत होता. पण डोंगरातलं मडकं कसं पकडायचं? झाडावर कर लावून भागेना, कारण मोहाच्या झाडाला कुणी छेद देत नाही, फूल आपणच पडतं. मग १८९२ साली कायदाच झाला, मोहफुलांचा कायदा, आणि तो लागू झाला नेमका ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत. कुलाबा म्हणजे आजचा रायगड (नाव बदललं १९८१ साली). या कायद्याने फूल गोळा करणं, बाळगणं, विकणं, नेणं यांवरच निर्बंध आले. म्हणजे दारू नव्हे, दारूचं भांडं नव्हे, फूल! जे फूल भाकरीबरोबर खाल्लं जायचं ते घरात जास्त सापडलं तर संशयित माल.

मला इथे थांबून एक गोष्ट म्हणाविशी वाटते. भंडाऱ्याचं झाड निदान मोजलं गेलं, त्यावर क्रमांक पडला, त्याला परवाना मिळू शकत होता. कातकऱ्याचं फूल मोजताच येत नव्हतं, म्हणून ते बाळगणंच धोक्याचं झालं. ज्याचं भांडं सरकारला मोजता येतं त्याला कर बसतो, ज्याचं येत नाही त्याला फौजदार भेटतो. घरी न्यायच्या बिअरचा नियम शोधताना हा धागा पुन्हा पुन्हा हाताला लागत गेला.

आता त्याच काळात साहेब स्वतः काय पीत होता तेही बघू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिअर विलायतेहून लाकडी पिंपांतून यायची, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिन्यांचा प्रवास. लंडनच्या हॉजसनची पेल एल हिंदुस्थानात फार गाजली. आज ज्याला आपण आयपीए म्हणतो त्याचा पूर्वज. ही पिंपं इथे उतरली की त्यातली बरीचशी बिअर इथेच बाटल्यांत भरली जायची. म्हणजे पिंपातून बाटलीत हा उद्योग आपल्याकडे काही नवा नाही. फक्त तो गोदामात साहेबाच्या मालकीने होत होता, त्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नाही. असो.

तिकडे अमेरिका आणि इंग्लंडमध्ये मात्र घरी न्यायच्या भांड्यावरून चांगलीच हाणामारी झाली. अमेरिकेत १८८० च्या आसपास कामगारवस्त्यांत लोक पत्र्याच्या झाकणाच्या बादलीतून जवळच्या गुत्त्यातून बिअर आणत. त्या बादलीला ग्राउलर म्हणत. झाकणाखालून वायू निसटताना गुरगुरल्यासारखा आवाज येई म्हणून हे नाव, असं एक स्पष्टीकरण सांगतात. आणायला कोण जायचं? पोरं. दुपारच्या सुट्टीत बापाच्या कारखान्यात बादल्या पोचवायच्या, दोन पैसे कमवायचे. इंग्लंडातही तेच, बादलीऐवजी जग. पोर वाटेत दोन घोट मारतं हे सगळ्यांना माहीत. शेवटी १९०१ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला: चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हातात दारू द्यायची तर ती बुच लावून सील केलेल्या भांड्यातच. पोराला पाठवू नका असं नव्हे, भांडं सील करा! पोरगं जाणारच, हे पार्लमेंटने गृहीत धरलेलं. मला हा कायदा फार माणसाळलेला वाटतो. जे चालूच राहणार आहे त्याला निदान झाकण लावा.

अमेरिकेत १९२० साली दारूबंदी आली आणि बादल्या गेल्या. बंदी १९३३ मध्ये उठली, पण पुढे डबे, बाटल्या, घरोघरी फ्रिज आले आणि ग्राउलर हा शब्द जवळजवळ मेला. तो परत आणला वायोमिंगमधल्या विल्सन या छोट्या गावच्या ऑटो बंधूंनी, १९८९ साली. त्यांच्याकडे बाटल्या भरायचं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी अर्ध्या गॅलनचे, म्हणजे १.८९ लिटरचे काचेचे जग घेतले, त्यावर आपलं चिन्ह छापलं आणि नळावर भरून द्यायला लागले. मघाशी सांगितलेली तळापर्यंतची नळी, कार्बन डायऑक्साइडने हवा हाकलणं, दाब सारखा करणारी यंत्रं, ही सगळी मंडळी या पुनर्जन्मानंतर ग्राउलरच्या दिमतीला आली.

आपल्याकडे दरम्यान वेगळंच नाटक. मुंबई शहरात काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ ला दारूबंदी आणली, ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून सगळ्या राज्यात पूर्ण बंदी. माडीसुद्धा बंद. भंडाऱ्यांना सांगितलं, नीरा काढा. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, हे खरं. पण ज्याने आयुष्यभर माडी काढली त्याला चुना लावायला सांगणं... जाऊ द्या, विनोद आपोआप झालाय.

या काळातलं घरी न्यायचं भांडं कोणतं? सायकलची आणि मोटारीची रबरी ट्यूब. हातभट्टीची दारू ट्यूबमध्ये भरून, अंगाभोवती गुंडाळून, वरून सैल कपडे घालून शहरात यायची. सीलबंद, लवचिक, फुटत नाही, आवाज करत नाही. निव्वळ भांडं म्हणून पाहिलं तर उत्कृष्ट डिझाइन. चव रबराची, पण तक्रार कुणाकडे करणार?

आणि कायदेशीर पिणाऱ्यासाठी आलं परमिट. तब्येतीच्या कारणाने दारू लागते असा कागद. हॉटेलात परमिटवाल्यांनी बसायची वेगळी खोली ती परमिट रूम. मुंबई-गोवा हायवेवर पाट्या अजून तशाच आहेत, "बार अँड परमिट रूम", आणि आत बसलेल्या शंभरातल्या नव्वदांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नसतो. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जवळपास उठली. पण कायदा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कागदोपत्री परवाना लागतो, एक दिवसाचा किंवा आयुष्यभराचा. म्हणजे आपल्या राज्यात मूळ नियम बंदीचाच, आणि पिणं हा त्याला दिलेला अपवाद. हे एकदा लक्षात घेतलं की "नियम नाही" या उत्तराचा उलगडा होतो. दुसरीकडे जे मना केलेलं नाही ते करता येतं. इथे जे लिहून दिलेलं आहे तेवढंच करता येतं. ग्राउलर कुणी लिहून दिलेला नव्हता. बस्स.

पुण्यात डूलाली सुरू झाली २००९ साली, महाराष्ट्रातल्या पहिल्यावहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी. मग पुण्या-मुंबईत एकेक करत बऱ्याच आल्या. टाक्या काचेपलीकडे दिसतात, नळ समोर, ग्लास टेबलावर. झाडाच्या बुंध्याशी विक्री, फक्त झाड स्टीलचं. अकरा वर्षं असं नीट चाललं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा या सगळ्या टाक्या भरलेल्या होत्या. वाईन शॉपं मे महिन्यात उघडली, कारण बाटली घरी नेता येते. मायक्रोब्रुअरीला बाटली नव्हती, आणि गिऱ्हाइकाला आत यायला बंदी होती. बिअर तयार, गिऱ्हाईक दोन किलोमीटरवर घरी बसलेलं, आणि मध्ये एक भांडं नाही म्हणून धंदा शून्य. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, ती कायमची थांबत नाही. देशभर हजारो लिटर बिअर गटारात ओतावी लागली. टाक्या गार ठेवायचं वीजबिल चालूच, कामगारांचे पगार चालूच. इतकी वर्षं पिंप म्हणजे थांबणारं भांडं असं आपण समजत होतो. त्या उन्हाळ्यात पिंपाचीही माडी झाली.

मालकांच्या संघटनांनी सरकारकडे धरणं धरलं. कर्नाटकाने मे मध्येच परवानगी दिली, एका गिऱ्हाइकाला दोन लिटरपर्यंत, काच, चिनीमाती किंवा स्टीलच्या भांड्यातून. महाराष्ट्रातही २०२० च्या मध्यावर ग्राउलरमधून बिअर घरी द्यायला मुभा मिळाली. काही आठवड्यांच्या आत पुण्यात ग्राउलर घरपोच यायला लागले. कोलाडच्या पेटीतले आमचे दोन त्याच मुभेचे वंशज.

मला या निर्णयाचा आनंदच आहे. उशिरा का होईना, शहाणपणाचा निर्णय. फक्त तो किती चटकन झाला बघा. धंदा अडला, मालकांनी निवेदन दिलं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि दोन-तीन महिन्यांत भांड्याला मान्यता. भांडं मोजता येणारं होतं, भरणारा परवानाधारक होता, पिणारा तुमच्या-माझ्यासारखा होता.

मोहाच्या फुलाला यापेक्षा जरा जास्त वेळ लागला. इंग्रजांचा १८९२ चा कायदा गेला तरी स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदीने तेच निर्बंध नव्या नियमांत पुढे चालू ठेवले. फूल गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरची ती बंधनं महाराष्ट्र सरकारने उठवली २०२१ साली, ग्राउलरनंतर साधारण वर्षभराने. आता डोंगरातल्या घरात वाळलेल्या मोहफुलांचं पोतं ठेवता येतं आणि बाजारात विकायला नेता येतं. त्या पोत्यातल्या फुलांची दारू घरच्या चुलीवर गाळणं मात्र अजूनही गुन्हा आहे.